आठवणी लिहा, पण जन्मापासून नको

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

डिसेंबरात गोव्याचा मुक्तिदिन जवळ आला की ‘ज्येष्ठांनी आता आपल्या आठवणी लिहून ठेवाव्यात’ अशी सूचना वाचकांच्या पत्रांतून हमखास येते. सूचना रास्तच आहे. १९६१ साली दहा वर्षांचा असलेला मुलगा आज पंच्याहत्तरीच्या घरात आहे. पण लिहून ठेवायचे म्हणजे उद्या सकाळी वही उघडून नेमके करायचे काय, हे सहसा कुणी सांगत नाही. अशा वह्या वाचणे, तपासणे, टंकनातून छपाईपर्यंत नेणे हे आमचे रोजचे काम आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. पत्र लांबले आहे. कात्री लावायची झाली तर शेवटच्या विनंतीला तेवढी लावू नये.

बहुतेक वह्या एकाच वाक्याने सुरू होतात: ‘माझा जन्म पोर्तुगीज राजवटीत अमुक गावी एका सुसंस्कृत कुटुंबात झाला.’ मग कुलदैवत कुठून कुठे हलले, मूळ पुरुष कोण, महाजनकी कुठल्या देवळाची, भाट (माडांची बागायत) किती आणि ते कसे गेले. वीस-पंचवीस पाने अशी भरतात आणि लेखक अजून पाळण्यातच असतो. इथे वही थांबते ती कायमची. कारण उघड आहे. हे सगळे ऐकीव असते, पाहिलेले नसते. ऐकीव माहिती जुळवायला काका, चुलतभाऊ, भटजी, जुने दस्त यांच्यावर अवलंबून राहावे लागते, आणि एक दुवा निसटला की सगळेच अडते. वंशावळ जरूर लिहावी, पण शेवटच्या परिशिष्टात, आणि शेवटीच.

सगळे आयुष्य एका पुस्तकात घालायचा हट्टही सोडावा. एक तुकडा निवडावा आणि त्याला काळाची दोन टोके बांधावीत. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातले वडिलांचे बसणे, पहिल्यापासून ते बंद झाले तिथपर्यंत. पणजीच्या लिसेंवातली, म्हणजे पोर्तुगीज माध्यमिक शाळेतली वर्षे. खाणीवरची नोकरी, पहिल्या पगारापासून राजीनाम्यापर्यंत. साळावलीच्या धरणाखाली गेलेले कुर्डीचे घर. एकत्र कुटुंबातली चूल वेगळी होईपर्यंतची दहा वर्षे. दोन टोके ठरली की काय घ्यायचे याच्याइतकेच काय गाळायचे तेही ठरते, आणि नवशिक्याचे निम्मे अडणे गाळता न येण्यामुळेच असते.

आता पहिल्या दिवसाचे काम. वाक्य लिहू नये, घराचा नकाशा काढावा. मोठ्या कागदावर, पेन्सिलीने, आठवणीतून. प्रमाण चुकले तरी चालेल. बाल्कांव किंवा सोपो (ओसरी), राजांगण, माजघर, बाळंतिणीची खोली, देवघर, रांदपाची कूड (स्वयंपाकघर), न्हाणी, गोठा, बांय (विहीर), परसातले तुळशीवृंदावन. दारे कुठल्या बाजूला उघडायची ते दाखवावे. कोण कुठे झोपायचे ते नावानिशी लिहावे. कुणाला कुठल्या दाराच्या आत यायची मुभा नव्हती तेही लिहावे. ही नोंद लोक टाळतात, पण घर कसे चालायचे ते तिच्यातूनच कळते. मग प्रत्येक खोलीत दहा-बारा वस्तू मांडाव्यात. न्हाणीत पाणी तापवायचा तांब्याचा भाण, चुलीतली राख, शिकेकाईचे भांडे, भिंतीतला कोनाडा. ‘आठवत नाही’ म्हणणाऱ्यालाही नकाशा काढताना हात थांबवता येत नाही. भिंत काढली की तिला टेकून ठेवलेले काहीतरी समोर येतेच.

दुसऱ्या दिवशी त्यातली एकच वस्तू घ्यावी आणि तिच्यावर ३०० शब्द लिहावेत. ती कुठून आली, कोण वापरायचे, कोणी हात लावायचा नाही, ती शेवटी कुठे गेली. भावना लिहू नयेत. भाण कोण भरायचे, किती घागरी लागायच्या आणि पहिली आंघोळ कोणाची, हे नीट लिहिले की घरातला मान-अपमान न सांगता उतरतो.

फरक कसा पडतो ते एका नमुन्यावर दाखवतो. वहीत सर्रास येणारे वाक्य असे असते: ‘आमचे बालपण गरिबीत पण आनंदात गेले. आई अत्यंत कष्टाळू व प्रेमळ होती.’ हे वाक्य कुणाच्याही आईला लावता येईल. आता हे पाहा: ‘मृगाला आठ दिवस असताना आई माळ्यावर चढून लाकडे मोजायची. कमी भरली की भाटातली माडाची पडलेली चुडते आम्ही ओढून आणायची, ती दोन दिवस उन्हात आणि मग चुलीमागे. सोले, सुकी मिरची, सुके बांगडे असा पावसाळ्याचा पुरुमेंत डब्यांत भरून झाला की ती डब्यांची झाकणे पुन्हा एकदा दाबून बघायची. त्या रात्री ती लवकर झोपायची.’ इथे गरिबी, कष्ट, काळजी हे शब्द कुठेच नाहीत, पण वाचणाऱ्याला तिन्ही दिसतात. लिहून झाल्यावर ‘प्रेमळ’, ‘कष्टाळू’, ‘अविस्मरणीय’, ‘रम्य’ हे चार शब्द शोधून काढून टाकावेत आणि प्रत्येकाच्या जागी एक कृती लिहावी. कृती सापडली नाही तर ते वाक्यच जाऊ द्यावे.

हाच नियम इतिहासाला. मुक्तिसंग्रामाची, महाराष्ट्रात विलीन व्हायचे की नाही यावरच्या जनमत कौलाची, राजभाषा आंदोलनाची पानेच्या पाने लोक छापील पुस्तकांतून उतरवून घेतात, कारण आपले आयुष्य त्या मानाने किरकोळ वाटते. हिशेब उलटा आहे. १९ डिसेंबर १९६१ ला काय झाले हे शंभर ठिकाणी छापलेले आहे. त्या दिवशी तुमच्या घरी चूल कितीला पेटली, दुकानाच्या गल्ल्यात कुठले नाणे होते, शाळा पुन्हा कधी भरली आणि मास्तर कुठल्या भाषेत बोलू लागले, हे कुठेही छापलेले नाही. जे वाक्य दुसऱ्या कुणाच्या पुस्तकात जसेच्या तसे बसेल, ते आपल्या वहीतून खोडावे.

तारखांचे मात्र पक्के करावे लागते, आणि गोव्यात ते सोपेही आहे, कारण आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक असलेल्या खुंट्या भरपूर आहेत. वहीच्या मागच्या पानांवर तीन रकाने आखावेत: साल, घरात काय, गोव्यात काय. तिसऱ्या रकान्यात आधी ठरलेल्या नोंदी भरून घ्याव्यात. १९५५ ची भारताने केलेली नाकेबंदी. डिसेंबर १९६१. डिसेंबर १९६३ ची पहिली निवडणूक. १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल. १२ ऑगस्ट १९७३, पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर गेले तो दिवस. ५ जुलै १९८६, मांडवीचा पूल कोसळला. ३० मे १९८७, घटक राज्य. १९९८, कोकण रेल्वे. मग मधला रकाना भरताना साल आठवायचा प्रयत्न करूच नये. ‘धाकटीचे लग्न पूल पडायच्या आधी की नंतर? वऱ्हाड फेरीबोटीने गेले की बसने?’ असे विचारावे. साल विसरणारा माणूसही याचे उत्तर चटकन देतो. सणावरून आठवत असेल तर तिथी लिहावी आणि त्या सालाचे पंचांग काढून तारीख बसवावी. ‘चवथीच्या तिसऱ्या दिवशी’ म्हणजे दर साली वेगळी तारीख.

या रकान्यांचा दुसरा उपयोग चुका पकडायला होतो. ठरलेल्या काही चुका सांगतो. १९५० सालच्या मजुरीचा आकडा एस्कुदांत लिहिलेला असतो. गोव्यात एस्कुद आला तो १९५८-५९ च्या सुमारास, एका रुपियाला सहा या दराने. त्याआधीचा हिशेब रुपिया आणि टांगांत होता, एका रुपियाचे सोळा टांग. १९५७ साली आजोबा आगगाडीने बेळगावला गेले असे लिहिले जाते. नाकेबंदीत सरहद्दीपलीकडची गाडी बंद होती. मुक्तीआधी घरी ‘आकाशवाणी पणजी’ लागायची म्हणतात, तेव्हा ती एमिसोरा द गोवा होती. १९७५ सालचा पत्ता ‘उत्तर गोवा जिल्हा’ असा असतो. दोन जिल्हे झाले घटक राज्याच्या वेळी. धारबांदोडा तालुका तर तेव्हा नव्हताच. अशी एक चूक जाणत्या वाचकाला दिसली की बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही त्याचा विश्वास बसत नाही. म्हणून कच्च्या खर्ड्यात आठवेल ते लिहावे, पण आकडा, नाणे, रस्ता, गावाचे नाव आले की खाली रेघ मारून ठेवावी आणि नंतर तपासावे. जुन्या वर्तमानपत्रांसाठी पणजीत पाटोवर कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. तिथे ‘१९७० च्या आसपास’ म्हणून जाऊ नये. महिना तरी हातात असावा, नाहीतर फाईली उलटण्यात दिवस जातो.

जन्मतारखेचा घोळ जवळपास प्रत्येक जुन्या घरात असतो. नोंद उशिरा केली म्हणून कागदावर एक तारीख, घरच्या टिपणात दुसरी, शाळेत घालताना तिसरी. नोंद पोर्तुगीजमध्ये, आडनावाचे स्पेलिंग पोर्तुगीज वळणाचे. शेणवीचा सिनाय, प्रभूचा पोरोब. या तारखांतली कुठलीही एक खरी ठरवत बसू नये. तिन्ही द्याव्यात, कुठली कुठून आली ते एका ओळीत सांगावे आणि पुढे जावे.

आता बोलण्याविषयी, कारण इथे आपल्याकडच्या वह्या सर्वांत जास्त घसरतात. लिहिणारा मराठी शाळेत शिकलेला, मराठी वाचणारा. घरात मात्र आजी कोकणीतच बोलायची. वहीत तीच आजी ‘बाळ, लाकडे आत आण पाहू’ असे सदाशिव पेठेतले बोलू लागते आणि तिथेच ती मरते. निवेदन मराठीतच असावे. पण माणसाच्या तोंडचे वाक्य जसे होते तसे ठेवावे: ‘लांकडां भितर हाड गो, पावस येता.’ महाराष्ट्रातल्या वाचकालाही ते संदर्भाने कळते. न कळणारा शब्द असेल तर पुढच्या वाक्यात कृती दाखवून सुटतो. तळटीप नको. सगळे संवाद मात्र कोकणीत भरू नयेत, एका प्रसंगाला दोन-तीन वाक्ये पुरतात. जे अक्षरशः आठवत नाही ते अवतरणात घालू नये. ‘वडील नको म्हणाले’ एवढे पुरे. साठ वर्षांपूर्वीचे दोन पानी संभाषण अवतरणचिन्हांत दिसले की संपादकाच्या भुवया आधी वर जातात.

किती आणि कधी? २०० पानी फुलस्केप वही घ्यावी, रेघांची. फक्त उजव्या पानावर, एक ओळ सोडून लिहावे. डावे पान तारखा, शंका, नंतर आठवलेले आणि घरच्यांचे आक्षेप यांसाठी मोकळे. असे लिहिले तर एका पानावर दीडशेच्या आसपास शब्द बसतात. दोन पाने म्हणजे एक बैठक, आठवड्याला चार बैठका. वही तीन महिन्यांत भरते आणि दोन वह्यांत शे-सव्वाशे छापील पानांचा मजकूर होतो. याहून वेगाने जाऊ नये. उत्साहात पहिल्या आठवड्यात चाळीस पाने लिहिणारे तिसऱ्या आठवड्यात थांबलेले असतात. उठताना वाक्य पुरे करून उठू नये. पुढे काय यायचे त्याचे तीन शब्द डाव्या पानावर टाकून उठावे, म्हणजे दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानाकडे बघत बसावे लागत नाही. आणि महिनाभर मागचे वाचू नये. मागचे वाचणारा पहिलेच प्रकरण सात वेळा सुधारतो आणि दुसरे लिहीत नाही. शाईचे पेन पावसाळ्यात दमट कागदावर फुटते. साधे बॉलपेन बरे.

घरातल्या वयस्कांना विचारायचे असेल तर मोबाईलवर ध्वनिमुद्रण करावे, संमती घेऊन, एका वेळी अर्ध्या-पाऊण तासाहून जास्त नाही. दुपारची झोप मोडून तर मुळीच नाही, संध्याकाळच्या चहाला बसावे. ‘तुमच्या वेळी कसे होते?’ या प्रश्नाला ‘बरे होते’ एवढेच उत्तर मिळते. ‘पोदेर (पाववाला) कुठल्या बाजूने यायचा आणि पैसे रोज द्यायचे की महिन्याने?’ याला दहा मिनिटांचे उत्तर मिळते. बायका हमखास म्हणतात, ‘माझ्याकडे काय आहे सांगण्यासारखे?’ चवथीला गणपतीवर बांधतात त्या माटोळीला कांगलां, आंबाडे, सुपारीची शिपटी कुठल्या रानातून यायची, कोण आणायचे आणि त्याला काय दिले जायचे, एवढेच विचारून बघा. उलट निवृत्त अधिकाऱ्यांच्या वह्यांत बदल्यांची यादी आणि सत्काराचे फोटो असतात. त्यांचे काय करावे हे आम्हाला अजून सुचलेले नाही.

भावंडांच्या आठवणी जुळणार नाहीत, हे धरूनच चालावे. थोरला म्हणेल विहीर वडिलांनी खणली, धाकटा म्हणेल आजोबांनी. त्यावर भांडून मजकूर बदलू नये. डाव्या पानावर दुसऱ्याचे म्हणणे नोंदवावे आणि पुस्तकात ‘भाऊ मात्र असे सांगतो’ म्हणून घ्यावे. खर्डा पुरा होईपर्यंत भावंडांना वाचायला न देणेच शहाणपणाचे. ती मजकूर वाचत नाहीत, वाटणी वाचतात.

जिवंत माणसांबद्दल खर्ड्यात मोकळेपणाने लिहावे आणि छापण्यापूर्वी लाल पेन घेऊन बसावे. नुसते नाव बदलून भागत नाही. तीस घरांच्या वाड्यावर ‘उजव्या हाताचे दुसरे घर’ म्हटले की सगळ्यांना कळते. माणूस हयात नाही म्हणून काहीही लिहावे असेही नाही. घरच्यांना दुखावण्याच्या हेतूने मृताची केलेली बदनामीसुद्धा कायद्याच्या कक्षेत येते. कूळ-मुंडकाराचा (मुंडकार म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणारा) किंवा वाटणीचा दावा चालू असेल तर जमिनीविषयीचे प्रत्येक वाक्य वकिलाला दाखवून मगच छापावे. जुनी पत्रे छापायची असतील तर ध्यानात असू द्यावे की कागद ज्याला पत्र आले त्याचा असतो, पण मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा, आणि त्याच्या मृत्यूनंतर तो वारसांकडे जातो. एक परवानगीचे पत्र घेतले की काम भागते.

फोटोंचे थोडक्यात. मूळ फोटो वहीत चिकटवू नयेत, सेलोटेप लावू नये, लॅमिनेशन तर कधीच करू नये. ते उलटवता येत नाही आणि आत अडकलेल्या दमटपणाने फोटो खराब होतो. सोप्यावर सावलीच्या उजेडात, फ्लॅश न लावता, पुढची आणि मागची अशी दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत; मागे स्टुडिओचा शिक्का किंवा तारीख असते. छपाईला द्यायचे तर लहान फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन करावेत, पूर्ण पानाचे कागद ३०० वर. नावे मागे मऊ पेन्सिलीने लिहावीत. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो. पावसापूर्वी वह्या आणि फोटो घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवावेत, नाहीतर बुरशी आणि कसर आहेच.

टंकन करून घेताना पहिली अट घालावी ती युनिकोडची. जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेली फाईल दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांचा चिवडा दिसतो, आणि टाईप करणाऱ्याने व्यवसाय बंद केला की पुन्हा पहिल्यापासून. फोनला बोलून टाईप करायची सोय हात थरथरणाऱ्यांना चांगली आहे, पण कोकणी शब्द आणि गावांची नावे ती हमखास बदलते आणि विरामचिन्हे गाळते. बोललेला मजकूर त्याच दिवशी तपासावा. आठवड्याने आपण काय म्हटले होते ते आपल्यालाच उमगत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर तुकडे पाठवून ते जपले गेले असे समजू नये. बॅकअप न घेता फोन बदलला की ते जातात.

आता विनंती. आपल्या रविवारच्या अंकात आठवड्याला एक, ४०० शब्दांचा मजकूर छापावा. अटी तीनच असाव्यात: गाव आणि वाडा दिलेला असावा; साल, नाहीतर वर सांगितलेल्या खुंट्यांपैकी एकीच्या आधी की नंतर ते असावे; आणि मजकूर एकाच वस्तूविषयी किंवा एकाच कामाविषयी असावा. वंशावळ, सत्कार आणि उपदेश असलेला मजकूर परत करावा, लेखक कितीही वजनदार असो. हस्तलिखित चालेल असे स्पष्ट छापावे; टाईप करता न येणारेच आपल्याला हवे आहेत. पहिल्या चार आठवड्यांसाठी विषय सुचवतो: न्हाणी, पुरुमेंत, मुक्तीपूर्वीची कारेर (प्रवासी बस) आणि हातात आलेला पहिला भारतीय रुपया. चवथीच्या महिनाभर आधी सुरू केलेत तर माटोळीचा पाचवा विषय सणाच्या अंकालाच येईल.

आपले नम्र,
आठवणींच्या हस्तलिखितांचे संपादन करणारे दोन वाचक
फोंडा, गोवा